सालीआडचे कुटुंब

विंचवाची गणना जैन शास्त्रांत चतुरिंद्रिय जीवांत होते. त्याचाच दूरचा भाऊबंद छद्मविंचू. आठ पाय, दोन नांग्या, पण डंखाची शेपटी नाही. लांबी जेमतेम काही मिलिमीटर. ब्राझीलच्या सेराडो या गवताळ, विरळ वृक्षांच्या प्रदेशात त्याची ‘पॅराटेम्नॉइडिस निडिफिकेटर’ ही जात झाडाच्या सालीखाली एकत्र कुटुंबाने राहते. अहिंसक ती मुळीच नव्हे. आपल्याहून मोठी मुंगी वा भुंगा सर्वजण मिळून धरतात आणि वाटून खातात. पिले रेशमी घरट्यात वाढतात. भक्ष्य मिळेनासे झाले, की आई घरट्याबाहेर येऊन निश्चल थांबते. भुकेली पिले तिलाच खातात. ती प्रतिकार करीत नाही. संशोधकांनी २००५ साली हे प्रसिद्ध केले. याला त्याग म्हणावे काय? मात्र पिले त्यामुळे जगतात.