दळण लावलं की फ्यूज का उडतो? फ्यूज आणि एमसीबी किती अँपिअरची हवी?



गटाच्या कर्जातून आपल्यापैकी कितीतरी जणींनी घरघंटी घेतली. कोणी शेवयांचं मशीन घेतलं, कोणी मोठा मिक्सर, कोणी फ्रीज. यंत्र घरात आलं की आठ दिवसांत बैठकीत तक्रार ऐकू येते, "दळण लावलं की फ्यूज उडतो बाई." मग घरातलं कोणीतरी शहाणं माणूस सांगतं, "तार बारीक आहे म्हणून उडतो, जाड टाक." किटकॅटमध्ये वायरीतली तांब्याची तार दुहेरी-तिहेरी वळून बसवली जाते. एमसीबी असेल तर दुकानातून मोठ्या आकड्याची आणली जाते. फ्यूज उडायचा थांबतो, आणि सगळ्यांना वाटतं काम झालं.

पण वायर तर आधी होती तेवढीच बारीक राहिली ना! ती आता आतल्या आत तापते आणि तिला थांबवणारं कोणी उरलेलं नसतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. फ्यूज किंवा एमसीबी बसवतात ती घरातल्या वायरिंगला जपायला. त्यामुळे तिचा आकडा ठरवताना आधी वायर किती जाड आहे ते बघायचं, घरघंटी केवढी आहे ते नंतर. वायरीतून वीज वाहते तेव्हा वायर तापतेच. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. वायरीवरचं प्लास्टिक आधी मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं, आणि एक दिवस आतल्या दोन तारा एकमेकींना चिकटतात. वायर पट्टीतून लाकडी वाशांवर गेलेली असेल आणि वर माळ्यावर गोवऱ्या-सरपण असेल, तर पुढचं सांगायला नको. फ्यूजची बारीक तार ही मुद्दाम ठेवलेली कमजोर जागा आहे. जास्त करंट आला की आधी ती जळते, म्हणून भिंतीतली वायर वाचते. तीच जाड केली, तर मग भिंतीतली वायरच फ्यूजचं काम करणार.

आता हिशोब करू. आपण गटाचा व्याजाचा हिशोब करतो, त्यापेक्षा हा सोपा आहे. घरात वीज येते 230 व्होल्टने. वस्तूवर किती वॅट लिहिलंय ते बघायचं आणि त्याला 230 ने भागायचं. येईल तेवढे अँपिअर. 1500 वॅटचा पाण्याचा हीटर म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी पावणेनऊच्या आसपास. 1000 वॅटची इस्त्री सव्वाचार. मिक्सर तीनच्या आसपास. एलईडी दिवे, पंखा, टीव्ही हे सगळं मिळून एक अँपिअरही होत नाही बहुतेक घरांत. मोटरचा हिशोब थोडा वेगळा असतो. 1 एचपीची घरघंटी दळताना साधारण 5 ते 7 अँपिअर घेते, आणि सुरू होतानाच्या त्या क्षणाला त्याच्या कितीतरी पट ओढते. नक्की आकडा मोटरवरच्या पत्र्याच्या पट्टीवर लिहिलेला असतो, तोच धरा.

सकाळी काय होतं बघा. एकीकडे दळण लावलेलं, बादलीत हीटर सोडलेला, आणि तेवढ्यात मिक्सर फिरवला. 6 आणि साडेसहा आणि 3, म्हणजे साडेपंधरा अँपिअर. तिन्ही प्लग एकाच बोर्डावर, आणि त्या बोर्डाला आलेली वायर दिव्या-पंख्यासाठी टाकलेली, 1 एमएमची. फ्यूज उडणार नाही तर काय होईल?

वायरमन लोक "एकची, दीडची, अडीचची, चारची" असं बोलतात, ते वायरीच्या आतल्या तांब्याचं माप, चौरस मिलिमीटरमध्ये. तांब्याच्या वायरीसाठी नेहमीची जोडी अशी: 1 एमएमच्या वायरीवर 6 अँपिअरची एमसीबी, दीडवर 10 ची, अडीचवर 16 ची, चारच्या वायरीवर 20 ची. वायर ॲल्युमिनियमची असेल तर ती त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा कमी करंट पेलते. जुन्या घरांत ती अजून सापडते, कापली की आतून पांढरी दिसते. तिथे याच्याहून खालचा आकडा घ्यायचा. आणि एका लाइनीवर वेगवेगळ्या जाडीच्या वायरी जोडलेल्या असतील तर सगळ्यात बारीक वायर कोणती, ते बघून एमसीबी ठरवायची. हे खूप ठिकाणी चुकतं. बोर्डापर्यंत अडीचची आणि पुढे सॉकेटपर्यंत एकची, असं केलेलं सर्रास दिसतं.

म्हणजे फ्यूज उडतो यावर उपाय काय, तर घरघंटीसाठी मेन बोर्डापासून वेगळी लाइन. अडीचची तांब्याची वायर, सोबत अर्थिंगची हिरवी वायर, 16 अँपिअरची एमसीबी आणि 16 अँपिअरचा मोठा तीन पिनांचा सॉकेट. खर्च येतो, खरंय. म्हणूनच माझं म्हणणं असं की घरघंटीच्या कर्जाचा अर्ज भरताना हा वायरिंगचा खर्चही त्यात धरा. आपण यंत्राचं कोटेशन जोडतो आणि वायरिंग विसरतो. मीटर एवढा भार घेईल का, म्हणजे आपला मंजूर भार किती, ते वीजबिलावर छापलेलं असतं. तो कमी पडत असेल तर वाढवून घेण्यासाठी अर्ज करता येतो. मीटर आणि त्याच्या अलीकडचं सील लावलेलं सगळं वीज कंपनीचं, त्याला आपण हात लावायचा नाही.

किटकॅटच ठेवायचा असेल तर दुकानात "5 अँपिअरची फ्यूज तार" किंवा "15 ची" असं मागा. 5 अँपिअरची तार जेमतेम 0.2 मिलिमीटर जाड असते, 15 ची अर्धा मिलिमीटर. वायर सोलून निघालेली तार, टाचणी, सिगारेटच्या पाकिटातली चांदी यातलं काही तिथे चालत नाही. तरीही मी एमसीबीच सुचवेन. किटकॅटची तार तिच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट करंट होईपर्यंत तग धरते, तेवढ्यात वायर चांगलीच तापते. एमसीबी त्यापेक्षा लवकर पडते. शिवाय अंधारात चाचपडत तार बदलायची भानगड नाही, खटका वर केला की झालं.

एमसीबीवर 'सी 16' असं काही लिहिलेलं असतं. 16 म्हणजे अँपिअर. अक्षर सांगतं की क्षणभराचा धक्का ती किती सोसते. बी प्रकारची 3 ते 5 पटीला झटक्यात पडते, सी प्रकारची 5 ते 10 पटीला. मोटर सुरू होताना करंट उसळतो, म्हणून घरघंटीला सी घ्यावी, नाहीतर बटण दाबलं की खटका खाली! आयएसआय मार्क बघून घ्या, आणि बिल घ्या.

खटका पडला तर तो कसा पडला ते बघा, त्यातच अर्धं उत्तर आहे. वर केल्या केल्या पडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. त्या लाइनीवरचे सगळे प्लग काढा आणि परत वर करा. आता राहिला तर दोष एखाद्या वस्तूत, तरीही पडला तर वायरिंगमध्ये, मग वायरमनच हवा. पाच-दहा मिनिटं चालून पडत असेल तर भार जास्त झालाय. हीटर बंद करून दळण करा. खटका दाबून धरायचा नाही, चिकटपट्टी तर अजिबात लावायची नाही. बोर्ड हाताला गरम लागतोय, सॉकेट काळा पडलाय, जळका वास येतोय असं असेल तर खटका पडायची वाट न बघता मेन स्विच बंद करा.

जुन्या घरांत दोन किटकॅट दिसतात, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा उडाला की दिवे बंद होतात आणि आपल्याला वाटतं लाइट गेली, पण वायरीत करंट असतोच. अशा वेळी हात लावून शॉक बसतो. फ्यूज फक्त फेजवर हवा. वायरमनकडून, तोही परवाना असलेल्याकडून, हे तपासून घ्या.

आणि आता शॉकचं. एमसीबी लावली म्हणजे शॉक बसणार नाही असं अनेकींना वाटतं. तसं नाही. माणसाचा जीव जायला लागणारा करंट इतका थोडा असतो की एमसीबीला तो कळतसुद्धा नाही. त्यासाठी आरसीसीबी नावाचं वेगळं उपकरण येतं. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात फरक पडला, म्हणजे कुठेतरी गळती झाली, की ती क्षणात वीज तोडते. घरासाठी 30 मिलिअँपिअरची घ्यायची. ती जास्त भाराला पडत नाही, म्हणून एमसीबी हवीच, आणि अर्थिंगही. पावसाळ्यात भिंत ओली झाली किंवा हीटरची कॉइल गेली की आरसीसीबी वारंवार पडेल आणि घरातलं कोणी म्हणेल, "काढून टाका ती, डोक्याला ताप." काढू नका, गळती कुठे आहे ते शोधायला लावा. तिच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. गटाच्या बैठकीच्या दिवशी दाबलं तर लक्षात राहतं. दाबल्यावर खटका पडला पाहिजे. नाही पडला तर ती निकामी झालीय, नाहीतर तिची जोडणी चुकलीय. वायरमनला बोलवून बदलून घेईपर्यंत हीटर आणि ओल्या जागेतलं कोणतंही यंत्र लावू नका.