चारा छावणी

चारा छावणी : अवर्षणामुळे कुरणे व वैरण नष्ट झाली असता पशुधन जगविण्यासाठी शासकीय अनुदानावर तात्पुरते उभारण्यात येणारे जनावरांचे सामुदायिक निवासस्थान. महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), बीड, धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) व सोलापूर हे जिल्हे आणि सातारा-सांगलीचे पूर्वेकडील तालुके यांत अशा छावण्या प्रामुख्याने उघडल्या जातात.

या प्रदेशात पाऊस हुकला की माळरानावरील गवत व ज्वारीचा कडबा हे दोन्ही आधार एकदम तुटतात. वैरणीचे भाव चढतात आणि जनावरांचे उतरतात. अशा वेळी मिळेल त्या किंमतीस बैल विकणाऱ्या शेतकऱ्याला पुढील वर्षी चांगला पाऊस होऊनही नांगरट करणे कठीण जाते. हे टाळणे हा छावणीचा मूळ हेतू होय.

ब्रिटिश अमदानीत शेतकी कर्ज अधिनियमान्वये (१८८४) तगाई मिळत असे, परंतु ती फेडावी लागे. १८९९–१९०० च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात गुरांची प्रचंड हानी झाली. १९७२-७३ च्या दुष्काळातही गुरांच्या छावण्या चालविण्यात आल्या. आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानुसार (२००५) स्थापन झालेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून आता हा खर्च भागविला जातो. महाराष्ट्रात या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के, तर राज्याचा २५ टक्के असतो.

छावणी सहकारी संस्था, साखर कारखाने किंवा स्वयंसेवी संस्था चालवितात आणि हजर जनावरांच्या दैनिक संख्येवरून त्यांना अनुदान मिळते. २०१५–२० या काळातील केंद्रीय निकषांनुसार मोठ्या जनावरामागे प्रतिदिनी ७० रु. व लहान जनावरामागे ३५ रु. देय होते. २०१८-१९ च्या दुष्काळात राज्य शासनाने हे दर टप्प्याटप्प्याने १०० व ५० रुपयांपर्यंत वाढविले. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्रीय दर अनुक्रमे ८० व ४५ रु. ठरविण्यात आले. ओला चारा म्हणून बहुधा ऊस व उसाचे वाढे दिले जातात. वाढ्यांतील ऑक्झॅलेटांमुळे जनावरांच्या शरीरातील कॅल्शियम कमी होते. त्यामुळे सोबत कडबा, पेंड व खनिज मिश्रण देणे आवश्यक असते.

या पद्धतीत साहाय्याचे मोजमाप छावणीत बांधलेल्या जनावरांवरून होते, नष्ट झालेल्या चराईवरून होत नाही. जनावरांबरोबर घरातील एखाद्या माणसाला छावणीत राहावे लागते. ज्यांना मनुष्यबळाअभावी हे शक्य नसते किंवा ज्यांचे गाव छावणीपासून दूर असते, ते लाभापासून वंचित राहतात. कळप घेऊन सतत फिरणारे धनगर मेंढपाळ तर केवळ चराईवरच अवलंबून असतात, पण एका जागी बांधलेली छावणी त्यांच्या जीवनक्रमात बसत नाही. हजेरीवर अनुदान अवलंबून असल्याने संख्या फुगविली जाण्याचा धोकाही असतो. तो टाळण्यासाठी कानातील बिल्ल्यांवरून जनावरांची नोंद ठेवण्याचा उपाय योजण्यात आला.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २००८ च्या कृषी कायद्याने निराळी योजना सुरू झाली व २०१४ मध्ये ती कायम करण्यात आली. तेथे जिल्ह्यातील दुष्काळाची तीव्रता व कालावधी यांवरून चराईची हानी ठरते आणि मासिक खाद्यखर्चाच्या सुमारे ६० टक्के रक्कम थेट पशुपालकास मिळते. अर्थात, रोख रकमेचा उपयोग बाजारात चारा उपलब्ध असेल तरच होतो. ज्या दुष्काळात वैरणच दुर्मिळ होते, तेथे बाहेरून चारा आणून पुरविणारी छावणी अपरिहार्य ठरते. म्हणून पाणी व चारा यांचा साठा असलेली छावणी आणि तेथे पोहोचू न शकणाऱ्यांसाठी थेट साहाय्य, अशी दुहेरी व्यवस्था अधिक उपयुक्त ठरू शकते.