उंबरठा हरवलेला आभास : डिजिटल तंत्रज्ञान आणि सत्याची सीमारेषा

प्रास्ताविक

‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ अशी आपल्याकडे म्हण आहे. जे डोळ्यांना दिसते त्यास अन्य पुराव्याची गरज नाही, हा तिचा आशय होय. न्यायदर्शनानेही प्रमाणांच्या गणनेत प्रत्यक्षास पहिले स्थान दिले आहे. डिजिटल तंत्रज्ञानाने नेमका याच प्रमाणावर आघात केला आहे. मात्र ‘खरे काय आणि खोटे काय हे कळेनासे झाले’ एवढे म्हटल्याने विषय संपत नाही. आभास मनुष्याला नवा नाही. नाशिककरांना तर मुळीच नाही. मग आज नेमके काय बदलले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

फाळके यांचा आभास

धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वर येथे झाला, तर निधन १९४४ मध्ये नाशिक येथे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते छायाचित्रण व मुद्रण या व्यवसायांत होते आणि जादूचे प्रयोगही करीत. त्यासाठी त्यांनी आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव घेतले होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यानंतर त्यांनी आपले कार्य नाशिकला हलविले. ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. ‘कालियामर्दन’ (१९१९) मधील बाळकृष्ण म्हणजे फाळके यांची कन्या मंदाकिनी. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करणे, कॅमेरा मध्येच थांबवून दृश्यातील वस्तू बदलणे अशा युक्त्यांनी हे चमत्कार पडद्यावर साकारत. पडद्यावर राम अवतरताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडीत, असे सांगितले जाते.

यावरून त्या काळचा प्रेक्षक भाबडा होता असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. तो स्वीकारणे कठीण आहे. शाडूच्या मूर्तीपुढे हात जोडणाऱ्यास ती माती आहे हे ठाऊक असतेच. प्रेक्षक तिकीट काढून अंधाऱ्या सभागृहात शिरत असे. खेळ संपला की दिवे लागत आणि तो आपल्या घरी परतत असे. फाळके यांनी तर चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारा लघुपटही काढला होता. जादूगाराने स्वतःच आपली पोतडी उघडून दाखवावी, तसाच हा प्रकार! आभास आणि व्यवहार यांच्यामध्ये एक उंबरठा होता आणि तो दाखविणारा व पाहणारा या दोघांनाही मान्य होता.

उंबरठा नाहीसा होतो तेव्हा

मोबाईलच्या पडद्याला असा उंबरठा नाही. बँकेचा संदेश, परदेशस्थ मुलीचा चेहरा, बातमी, चित्रपट आणि फसवणूक हे सारे एकाच काचेवर उमटते, एकाच आकारात. मध्ये दिवे लागत नाहीत.

प्रतिमा घडविण्याची प्रक्रियाही बदलली. छायाचित्राच्या फिल्मवर निदान समोरच्या वस्तूवरून आलेला प्रकाश पडलेला असे. २०१४ मध्ये इयान गुडफेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत दोन संगणकीय जाळी परस्परांविरुद्ध काम करतात. एक बनावट प्रतिमा तयार करते, दुसरे तिची पारख करते. पारख चुकू लागेपर्यंत पहिले सुधारत राहते. म्हणजे फसवणूक ओळखण्याचे कौशल्य हेच येथे फसवणुकीचे शिक्षण ठरते. ‘डीपफेक’ हा शब्द २०१७ मध्ये रूढ झाला. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची भलामण करीत असल्याची चित्रफीत पसरली, तेव्हा ती बनावट असल्याचे त्यांना स्वतः जाहीर करावे लागले.

तथापि सर्व दोष प्रतिमेच्या हुबेहूबपणाला देणे योग्य होणार नाही. तथाकथित ‘डिजिटल अटके’च्या प्रकारांत अनेकदा गणवेश, भिंतीवरचे बोधचिन्ह आणि दरडावणीचा आवाज एवढी साधी सामग्रीही पुरते. फाळके यांच्या नेपथ्यापेक्षा ती कितीतरी सामान्य! ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानातील एका नामवंत उद्योगपतींपुढे सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी उभी करून सात कोटी रुपये उकळण्यात आले. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ अशी तरतूदच नाही. तरीही सुशिक्षित माणसे फसतात, कारण आपण नाटकात आहोत हे त्यांना कोणीच सांगितलेले नसते.

अद्वैत वेदान्तात प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक अशा सत्तेच्या तीन पातळ्या मानल्या आहेत. अंधारात दोरीवर सापाचा भास होतो. दिवा आणताच साप नाहीसा होतो आणि भ्यालेल्याचे काही गेलेले नसते. डिजिटल आभासाचे मात्र तसे नाही. दिवा लागतो, साप नाहीसा होतो, पण खात्यातील रक्कमही त्याच्याबरोबर गेलेली असते. प्रातिभासिक पातळीवरून व्यावहारिक पातळीवर थेट हात घालता येणे, हेच येथील खरे नावीन्य होय.

याची दुसरी बाजू अधिक चिंताजनक आहे. रॉबर्ट चेस्नी व डॅनियल सिट्रन या अमेरिकी विधिज्ञांनी तिला ‘लबाडाचा लाभांश’ या अर्थाचे नाव दिले आहे. काहीही बनावट असू शकते हे एकदा सर्वांना पटले, की खरी चित्रफीतही ‘ती खोटी आहे’ असे म्हणून झटकता येते.

कायद्याने डोळ्यांवर विसंबणे कमी केलेले दिसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात त्या अभिलेखाचा ‘हॅश’, म्हणजे अंकी ठसा, नमूद करावयाचा असतो. फाइलमध्ये किंचितही बदल केला तर हा ठसा बदलतो. मात्र चित्रण मुळातच बनावट असेल तर ठसा ते सांगू शकत नाही. त्यासाठी ते कोणाकडून आले हेच पाहावे लागते. न्यायदर्शनाच्या परिभाषेत सांगावयाचे तर प्रत्यक्षाकडून आपण पुन्हा शब्दप्रमाणाकडे, आप्तवाक्याकडे वळत आहोत.

नाशिकमधील ज्या वृद्ध दांपत्यांची मुले पुण्यात किंवा परदेशात आहेत, त्यांना पडद्यावरच्या प्रत्येक चेहऱ्याबद्दल संशय बाळगून जगता येणार नाही. तोच पडदा त्यांचा आधार आहे. त्यांच्यापुरता मार्ग साधा आहे. पैशांची मागणी होताच तो कॉल बंद करावा आणि आपल्या वहीत लिहून ठेवलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावावा. फसवणूक झालीच असेल तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात वळती होण्यापूर्वी ती गोठविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.