तुटलेल्या वस्तीतील जन्ममृत्यू

उत्तर ध्रुवाकडच्या वस्त्या हिमाने तुटतात. आपल्या गडचिरोलीतील कित्येक वस्त्या पावसाने. ओढ्याला पूर आला की आजाऱ्याला खाटेवर घालून चौघांनी खांद्यावरून न्यायचे. नवजात बालकाला तेवढाही अवधी नसतो. ‘ते लोक दवाखान्यात येतच नाहीत,’ असे आपण नागपुरात बसून म्हणतो. म्हणणे सोपे आहे! डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी उपचारच घरात नेला. १९९५ पासून त्यांनी ३९ गावांत गावच्याच स्त्रिया तयार केल्या. शिक्षण पाचवी ते दहावी. बाळाला ऊब देणे, श्वास अडल्यास तो देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन टोचणे, हे त्या शिकल्या. नवजातांचा मृत्युदर हजारी ६२ होता. तिसऱ्या वर्षी तो सुमारे २५ वर आला. औषध तेच, फक्त टोचणारी बाई मध्यरात्रीही चार घरांपलीकडेच होती.