आईच्या माहेरची अर्धशिशी

दुपारी शाळेतून यावं आणि मधल्या खोलीचं दार लोटलेलं दिसावं, की आम्ही भावंडं चपला हातात घेऊन आत शिरायचो. खिडकीवर जुनी चादर, आईच्या कपाळाला घट्ट आवळलेलं फडकं, सहाणेवर उगाळलेल्या सुंठेचा लेप, उशाशी तस्त. 'आईला पित्त झालंय, गडबड करू नका,' एवढंच सांगितलं जायचं. मे महिन्यात आजोळी गेलो की आजीचीही तीच गत. तिच्यासाठी सूर्य उगवायच्या आत दूध-जिलबी यायची. आई जांभया देऊ लागली की आजी म्हणायची, 'उद्या ही पडणार.' आणि आई पडायचीच.

लग्नानंतर हे दुखणं माझ्याबरोबर सासरी आलं. मांडवातले झगझगीत दिवे, गजऱ्याचा उग्र वास, चैत्रातलं ऊन, काहीही पुरायचं. मीही 'पित्त'च म्हणत राहिले.

गेल्या वर्षी अकरा वर्षांची लेक मधल्या सुट्टीतच घरी आली. उजेड नको म्हणाली, उलटी झाली, झोपली आणि उठली ती खडखडीत बरी. माझ्या तोंडून आपसूक निघालं, 'पित्त झालं असेल.' स्वतःचेच शब्द कानावर पडले आणि मी चरकले. दुखणं तर वारशाने गेलंच होतं. आता त्याचं चुकीचं नावही मी तिच्या पदरात टाकत होते.

मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी तिला आणि मला समोर बसवून समजावलं. अर्धशिशी हा मज्जासंस्थेचा आजार आहे. औषध न घेतल्यास मोठ्या माणसांत एक झटका ४ ते ७२ तास चालतो. मुलांमध्ये तो बहुधा लवकर आवरतो. मळमळ, उलटी, उजेड आणि आवाज न सोसणं ही त्या झटक्याचीच अंगं. झटक्यात पोटाचं काम मंदावतं, उलटीनंतर अनेकांना बरं वाटतं, आणि सगळा दोष पित्तावर जातो. काहींना आधी डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेषा दिसतात. आपण त्यांना काजवे म्हणतो. जांभया ही झटक्याची पूर्वसूचना असते. म्हणजे आजीचं निदान बरोबर होतं, फक्त तिला ते ठाऊक नव्हतं!

दुखणं जुनंच आहे. सुश्रुतसंहितेत त्याला 'अर्धावभेदक' म्हटलं आहे, आणि 'मायग्रेन' हा शब्दही अर्धी कवटी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. कर्नाटकातल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रौढांपैकी सुमारे चौघांत एकाला वर्षभरात हा त्रास झालेला आढळला. वयात आल्यानंतर स्त्रियांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतं. त्यामागे संप्रेरकांचा मोठा हात असतो.

आई-वडिलांपैकी एकाला अर्धशिशी असेल तर मुलाला ती होण्याची शक्यता साधारण निम्मी धरतात. अंगाची एक बाजू लुळी पाडणाऱ्या दुर्मीळ प्रकाराचं एक जनुक १९९६ साली सापडलं. नेहमीची अर्धशिशी मात्र एका जनुकाची करणी नव्हे. एक लाखाहून अधिक रुग्णांच्या २०२२ मधल्या अभ्यासात तिच्याशी संबंधित १२३ जागा जनुकसंचात आढळल्या. तेव्हा 'आईकडून आली' म्हणून कुणी कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही. ती वडिलांकडूनही येते.

वारशाने येतो तो मेंदूचा हळवेपणा. ठिणगी अनेकदा आपण टाकतो. आजीची निर्जळी हरतालिका डोकेदुखीशिवाय गेली नाही. उपाशी राहणं, जागरण, ऊन ही मोठी कारणं. आता लेकीचा डबा चुकत नाही, रविवारीही ती नेहमीच्याच वेळी उठते. डोकं दुखलेल्या दिवसांची वहीही ठेवते.

डॉक्टरांनी दिलेलं औषध दुखणं सुरू होताच घ्यायचं. मात्र साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस घेत राहिलं तर गोळीच डोकेदुखी कायमची करून ठेवते. मला ते फार उशिरा कळलं. १९९० च्या दशकात ट्रिप्टान गटाची औषधं आली. २०१८ पासून, वेदनेचा संदेश नेणारं एक रसायन रोखणारी इंजेक्शनंही आली; ती महाग आहेत. एकाएकी उठलेली जीवघेणी डोकेदुखी, सोबत ताप आणि मान आखडणं, बोबडी वळणं किंवा हातापायांतली शक्ती जाणं, आणि पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेलं दुखणं यांना मात्र 'घरातलीच अर्धशिशी' समजून अंगावर काढू नये. तडक डॉक्टर गाठावा.

लेकीच्या वर्गशिक्षिकांना आम्ही चिठ्ठी दिली. त्यात आजाराचं नाव नीट लिहिलं. आता डोकं दुखू लागलं की तिला शांत खोलीत पडू देतात. कुणी 'नाटकं' म्हणत नाही. आजीच्या वाट्याला हा शब्द सासरी फार आला होता.

आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. पाळी गेल्यावर तिची अर्धशिशी हळूहळू थांबली. नातीने तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे ते पित्त नव्हतंच?"

पित्ताच्या भीतीने तिने चाळीस वर्षं आंबट आणि तिखट सोडलं होतं. त्या दिवशी जेवताना तिने बरणी पुढे ओढली आणि पानात कैरीच्या लोणच्याची एक फोड वाढून घेतली.