सिमेंटमागची ओल

सेलू तालुक्यातलं आमचं जुनं घर मातीचं. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात घरच्या घरीच आम्ही त्याच्या दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. कोंबडीजाळी ठोकली, थर चढवला, आठ दिवस इमानेइतबारे पाणी मारलं. दिवाळीला भिंतीवर टिचकी मारली तर ती पोकळ वाजली. पुढच्या पावसाळ्यात परातीएवढा पोपडा खाली आला. मागची माती ओली, भुसभुशीत होती आणि तीत वाळवीच्या वाटा होत्या.

‘सिमेंट कमी पडलं’ असं बघणारा प्रत्येक जण म्हणाला. सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच आहे. माती ओल पिते आणि सोडते, त्याबरोबर थोडी फुगते, थोडी आकसते. सिमेंटचा थर टणक असल्याने त्याला ही हालचाल झेपत नाही, म्हणून दोघं एकजीव होत नाहीत. शिवाय जमिनीतून भिंतीत चढणारी ओल पूर्वी शेणामातीच्या लिंपणातून उडून जायची. आता ती सिमेंटमागे कोंडते आणि भिंत आतून मऊ होत जाते. सिमेंटचं प्रमाण वाढवलं तर थर वाळताना आणखी आकसतो, तडा लवकर जातो आणि त्याच तड्यातून पावसाचं पाणी आत शिरतं.

मग मातीचं घर टिकतच नाही का? आमच्यापासून जवळच सेवाग्राम आहे. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी तिथे आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. तिथल्या आश्रमातला आदिनिवास आणि मीराबेनसाठी उभारलेली, पुढे बापू कुटी झालेली झोपडी, दोन्ही माती, बांबू आणि कवेलूंच्या. दोन्ही आजही उभ्या आहेत. तिथे गेलात तर ओसरीचं छप्पर भिंतीच्या किती पुढे आलंय ते जरूर बघा, पावसाचा मारा भिंतीपर्यंत पोचतच नाही. भिंतींना लिंपणही वेळच्या वेळी होत असतं. आम्ही मात्र एकदा सिमेंट लावून लिंपणाच्या कामातून कायमचं सुटू पाहत होतो.

पोपडे काढून आम्ही भिंत हिवाळाभर वाळू दिली आणि लिंपण केलं. तेही फसलं, कारण माती शेतातली आणली होती. काळी माती सुपीक म्हणून भिंतीलाही चांगली, असं वाटलं होतं. पण तिच्यात चिकणमाती फार. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, तशाच त्या लिंपणालाही पडल्या. जुनी माणसं घरासाठी गावठाणातली पांढरी माती का आणत, ते तेव्हा कळलं. आता आधी काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून हलवतो आणि दिवसभर ठेवतो. रेती लगेच तळाला बसते, त्यावर गाळ, सगळ्यात शेवटी चिकणमाती. हा वरचा थर जाड दिसला की रेती आणि कुटार वाढवायचं. मग गोठ्याच्या भिंतीवर हातभर लांबीचे चार-सहा नमुने, प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. आमच्या सहापैकी चार तडकले. ते खरवडून माती पुन्हा भिजत घातली, खर्च शून्य.

अंगणातला शोषखड्डा फसला त्याचं मूळही अशाच काळ्या मातीत होतं. मे महिन्यात खणला. दहा बादल्या ओतल्या, पाणी गडप! आम्ही खूश होऊन वर गिट्टी भरली. जुलैत न्हाणीचं पाणी तुंबून अंगणात आलं. ‘पाणी ओतून बघितलं, मुरलं, म्हणजे जागा चांगली’ हा समज काळ्या मातीत हमखास फसवतो. मे महिन्यात पाणी भेगांमधून पळतं. माती भिजून फुगली की त्या भेगा मिटतात आणि पाणी जागच्या जागी राहतं. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल न्यायचा. चाचणी घ्यायची तर तो आदल्या संध्याकाळी काठोकाठ भरायचा, रात्रभर माती फुगू द्यायची, सकाळी पुन्हा भरायचा आणि काठीवर खूण करून तासाला पाणी किती उतरतं ते मोजायचं. आमच्या दुसऱ्या खड्ड्याची काठी अजून न्हाणीच्या कोपऱ्यात उभी आहे, खुणांसकट.