कर्ज मंजूर झाले म्हणजे काम झाले?

‘जागतिक बँकेचे एवढ्या कोटींचे कर्ज मंजूर’ अशी बातमी आली की निम्मे काम झाले, असे आपण धरून चालतो. हा गैरसमज अनेक वर्षे खुद्द बँकेतच मुरलेला होता. बँकेचे अधिकारी विली वापेनहान्स यांच्या १९९२च्या अंतर्गत अहवालाने तो उघड केला. असमाधानकारक ठरलेल्या पूर्ण प्रकल्पांचे प्रमाण दहा वर्षांत १५ टक्क्यांवरून ३७.५ टक्क्यांवर गेले होते. कर्ज मंजूर करून घेणाऱ्याचे कौतुक होई. नंतर प्रकल्पाकडे फारसे कोणी लक्ष देत नसे. त्याच वर्षी सरदार सरोवर धरणासाठी बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने विस्थापितांच्या पुनर्वसनाचे वाभाडे काढले. त्या धरणाचे कर्ज १९८५ मध्येच मंजूर झाले होते.

दुसरा गैरसमज अधिक चिवट आहे: बांधकाम पुरे झाले की परिणाम साधला. पण टाकी उभी राहणे वेगळे आणि उन्हाळ्यातही नळाला पाणी येणे वेगळे. म्हणूनच २०१२ मध्ये बँकेने एक नवी पद्धत आणली. त्यात ठरलेला परिणाम दिसला आणि त्रयस्थ संस्थेने तो पडताळला की हप्ता सुटतो. महाराष्ट्रातील ‘जलस्वराज्य-२’ हा पाणीपुरवठ्याचा कार्यक्रम याच पद्धतीचा होता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पैसा निकालावर अवलंबून ठेवला तर सरकारे आकडे फुगवतील आणि दुबळे भाग मागे पडतील. काही रक्कम आगाऊ देण्याची सोय या पद्धतीत आहे; ती दुबळ्यांच्या कामी येऊ शकते. आकड्यांचा प्रश्न मात्र एवढ्यावर सुटत नाही. स्वच्छ भारत मोहिमेसाठी डिसेंबर २०१५ मध्ये याच पद्धतीचे १५० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले, पण पडताळणीचे पहिले ग्रामीण सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये झाले. त्यानुसार ज्यांना शौचालय उपलब्ध होते, त्यांपैकी ९३.४ टक्के लोक ते वापरत होते. दुसऱ्या बाजूला, उत्तर भारतातील चार राज्यांत संशोधकांनी २०१८ मध्ये घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल वेगवेगळे विचारले, तेव्हा घरी शौचालय असूनही सुमारे २३ टक्के लोक उघड्यावर जात असल्याचे आढळले. क्षेत्रे वेगळी असल्याने हे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. तरी प्रश्न कसा विचारला, कोणाला विचारला, यावर निकाल किती हलतो, हे त्यातून दिसते. यावरून परिणाम मोजणेच सोडून द्या, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मोजले नाही तर आपण पुन्हा मंजुरीच्या आकड्यांवरच समाधान मानू. मोजणाऱ्याचे स्वातंत्र्य मात्र कागदापुरते राहू नये.

हे कर्ज शेवटी आपल्याच करातून फिटते. तेव्हा पडताळणीचा अहवाल मंत्रालयात न अडकता मराठीत ग्रामसभेपुढे आला पाहिजे आणि गावाने तो आपल्या नळाशी ताडून पाहिला पाहिजे.